राग वाळवणारी कमलआत्या

कमलआत्याबद्दल लिहायचं तर आधी माझा गाढवपणा सांगावा लागेल. भोकरच्या बाजूला एका तलावाकाठी तंबू ठोकून दोन दिवस राहायचं आमचं ठरत होतं. मी वंदनाला, म्हणजे बायकोला, निरोप टाकला : 'आत्याला घेऊ. चुलीचं काम होईल. नाहीतरी तिला कुठं जायचं असतं!' टाकल्यावर दिसलं की तो घरच्या ग्रुपवर गेलाय. घाईघाईनं पुसला. पुसताना फोननं दोन पर्याय दिले, त्यातला मी नेमका चुकीचा दाबला. निरोप फक्त माझ्या फोनमधून गेला. बाकी सगळ्यांकडे सुखरूप राहिला. दहा मिनिटांनी आत्याचं उत्तर आलं : 'येते. किती वाजता निघायचं?' वाचलो म्हणून मी चहा मागितला. वंदनानं चहाऐवजी तिचा फोन पुढे केला.

कमलआत्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मग मुदखेडला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली ती साठी गाठेपर्यंत. आई आजारी होती तेव्हा दोन वर्षं मी तिच्याच खोलीत वाढलो. अंगानं काटकुळी, आवाज बारीक, आणि कुणी काही लागट बोललं की हसायची. तिला ओळखणारे त्या हसण्याला घाबरत. "राग आला की बोलायचं न्हाई," ती सांगायची. "राग वाळवनात घालायचा. कुरडईवानी. वर्षभर पुरतो."

हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा शेजारणीच्या शेळीनं तिच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या. वर शेजारीण म्हणाली, मुक्या जनावराला काय कळतंय. आत्या हसली. आठ महिन्यांनी त्या बाईच्या घरी लग्न निघालं आणि ती वसतिगृहाची मोठी कढई मागायला आली. आत्यानं परवानगी काढून कढई दिली, उचलायला हातही लावला. झाकण तेवढं दिलं नाही. लग्नाच्या दिवशी वारा सुटला आणि वांग्याच्या भाजीत निम्मं अंगण उतरलं. आत्या पहिल्या पंगतीला बसली होती. भाजी न घेता.

तलावाकाठी पोचलो. मी, वंदना, आमची दोन मुलं, धाकटा भाऊ सुधीर आणि आत्या. तिच्याकडे एक घडीची खुर्ची आणि एक लांबोडकी पिशवी. पळसाखाली खुर्ची मांडून ती बसली. याआधीच्या सहलींत गाडी थांबायच्या आत तिनं जागा हेरलेली असायची, वारा बघून चुलीचं तोंड ठरवलेलं असायचं. मी म्हणालो, आत्या, तंबू कुठं लावू? तिनं पदर सारखा केला. "मला, बापू, चुलीच्या कामाला आनलंय. चूल पेटली की सांग."

तंबू मी ठोकायला घेतला. खाली मुरूम. पहिली खुंटी वाकली, दुसरी उडून सुधीरच्या नडगीला लागली, तिसऱ्या घावाला माझा अंगठा सापडला. आत्या शांतपणे बघत होती. "मार, मार. घरचाच हाय," एवढंच म्हणाली. सुधीरनं तीन दगडांची चूल मांडली, नेमकी वाऱ्याच्या तोंडावर. आणलेली लाकडं ओली निघाली. अख्खी काडेपेटी संपली, धूर तेवढा सगळ्यांना पोटभर मिळाला. छोटी गॅसची शेगडी होती, ती वाऱ्याच्या दर फुंकरीला विझायची.

मग लाडवांच्या डब्याला मुंग्या लागल्या. डबा उचलून गाडीच्या टपावर ठेवला, तर मुंग्याही सोबत टपावर आल्या. तेवढ्यात मुलगी ओरडत आली की आजीच्या डब्याला एकसुद्धा मुंगी नाही. जाऊन पाहिलं. आत्यानं ताटलीत पाणी ओतून मधोमध आपला डबा ठेवला होता, आणि त्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी ती सावकाश खात होती. मुलांना तिनं एकेक दशमी दिली, वंदनाला दिली. सुधीरनं हात पुढे केला. "तू त्या निरोपाखाली अंगठा दाखवला व्हतास न्हवं?" ती म्हणाली आणि झाकण लावलं. सुधीर त्या दिवसापासून कशालाच अंगठा दाखवत नाही.

तीन वाजले. तंबू आडवा, तांदूळ पातेल्यात कच्चा, मुलं रडकुंडीला. सुधीर हळूच म्हणाला, भोकरला जाऊन एखादा ढाबा बघू. वंदना माझ्याकडे बघत होती. कुठं जायला पाहिजे ते मला कळलं. मी पळसाखाली गेलो. पातेलं तिथंच खुर्चीपाशी ठेवलेलं होतं. सगळ्यांदेखत म्हणालो, "आत्या, चुकलं माझं. मी असं लिहायला नको होतं."

आत्या हसली नाही. पहिल्यांदाच तिनं मला पूर्ण नावानं हाक मारली. "दिगंबर, चुलीचं बोललास त्याचं मला काई न्हाई. जन्म तिथंच गेला. पन मला कुठं जायचं असतं, म्हनलास. मला लई ठिकानी जायचं व्हतं रे. तुमी कुनी इचारलंच न्हाई."

ती उठली. लांबोडक्या पिशवीतून तिनं वाळलेल्या तुराट्यांची पेंडी काढली, चार गोवऱ्या काढल्या आणि एक लोखंडी पहार काढली. सगळं घरून घेऊन आली होती, आणि सकाळपासून त्याच पिशवीवर पाय ठेवून आमची फजिती बघत बसली होती. चुलीचं तोंड फिरवलं, पाच मिनिटांत जाळ. पहारीनं आधी भोकं पाडून त्यात खुंट्या बसवायला लावल्या. खिचडी तिनं मला सगळ्यात आधी वाढली. "खा. माफ केलं म्हनून न्हाई. उपाशी हाईस म्हनून."

त्यानंतर ती आमच्याबरोबर कुठंही आली नाही. वसतिगृहातल्या तीन जुन्या सहकारिणी गोळा करून स्वतःच फिरायला लागली. कधी समुद्र, कधी डोंगर, एकदा तर बर्फ. प्रत्येक ठिकाणाहून ग्रुपवर फोटो यायचा : तीच घडीची खुर्ची, तिच्यावर आत्या, खाली अक्षरही नाही. मी हात जोडायचो. उत्तर कधीच आलं नाही. अशी पाच वर्षं तिनं मला तो राग पुरवला. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेली.

दहाव्याला मुदखेडला नातेवाईक जमले होते. मी डोळे पुसत सगळ्यांना तलावाची गोष्ट सांगितली, मी कशी सगळ्यांदेखत माफी मागितली आणि आत्या आतून कशी विरघळली असणार, हेही सांगितलं. दोघातिघांनी पाठीवर हात ठेवला. नांदेडला परतताना गाडीत वंदनानं खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, "आत्याबाईंनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाल्या, वंदे, माफी माझी मागितली, पन डोळे पातेल्यावर व्हते."