वडिलांचे नाव : मागील नोंदीप्रमाणे

पूर्ण नाव जेनिवाल्दो सिकेरा बांदेरा. जन्म १९८३, ब्राझीलमधील सर्जिपे राज्यातल्या एका नदीकाठच्या गावी. मृत्यू २०२२, त्याच गावी. व्यवसाय फुटबॉल, जागा बचावफळीत मध्यभागी, डावीकडे. संयुक्त अरब अमिरातीतील वास्तव्य २००९ ते २०२०. त्यांपैकी पहिली साडेसात वर्षे तो अबू धाबीतील दुसऱ्या श्रेणीच्या ज्या क्लबाकडून खेळला, त्या क्लबाच्या दप्तराचा मी प्रमुख होतो. त्याच्या नावातील मधल्या शब्दाचे काय झाले ते मला सांगायचे आहे. परंतु तो कसा खेळत असे हे आधी सांगितले नाही, तर काय गमावले ते वाचकाला कळणार नाही.

तो कधीही जमिनीवर घसरून चेंडू काढत नसे. इतर बचावपटू गवतावर झोकून देत आणि प्रेक्षक टाळ्या वाजवीत. हा मात्र उभाच असे. समोरचा खेळाडू कोठे जाणार हे ओळखून दोन पावले आधीच तेथे जाऊन थांबे, आणि चेंडू जणू स्वतःहून त्याच्याकडे येई. मी एकदा कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सेन्योर शैलेंद्र, घसरावं लागलं म्हणजे चूक आधीच झालेली असते. चाळीस मीटर मागे."

आमचे मैदान सांभाळणारा गणू चिपळूणकडचा. त्याचे या खेळाडूवर निस्सीम प्रेम होते, पण त्याचे कारण निराळे होते. "साहेब, हा एकच माणूस माझं गवत फाडत नाही," तो म्हणे. "बाकीचे नांगरणीला आल्यासारखे खेळतात." जेनिवाल्दो सरावाला आला की गणू लांबूनच ओरडे, "यल्ला, चला जेनूशेठ!" आणि तो गृहस्थ दोन्ही हात जोडून गणूच्या गवताला नमस्कार करी.

त्याची एकच इच्छा होती. आईने आपल्याला एकदा भरलेल्या मैदानात खेळताना पाहावे. आई गावात धुणे धुण्याचे काम करी. मुलाचा एकही सामना तिने प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. आमच्या क्लबाच्या करारात कुटुंबाला आणण्याची तरतूद नव्हती आणि आमच्या सामन्यांना दोनशे माणसे जमली तरी पुष्कळ झाले असे वाटे. तो म्हणे, "वरच्या श्रेणीत गेलो की आणीन. इन्शाल्ला." हा शब्द त्याने याच देशात उचलला होता.

आता नोंदीविषयी. २००९ च्या ऑगस्टमध्ये त्याचा निवासाचा अर्ज मी स्वहस्ते भरला. अर्जात वडिलांच्या नावाची चौकट होती. पारपत्रावर वडिलांचे नाव आढळले नाही. खेळाडू शेजारच्या खोलीत वैद्यकीय तपासणीसाठी थांबलेला होता. दार उघडून विचारण्यास अर्धे मिनिट लागले असते. मी विचारले नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम पुण्याच्या शाळेत पहिलीच्या हजेरीपासून माझ्या मनात इतका पक्का बसलेला होता, की मधला शब्द वडिलांखेरीज दुसऱ्या कोणाचा असू शकेल ही शंकादेखील मला आली नाही. मी चौकटीत सुवाच्य अक्षरांत 'सिकेरा' लिहिले. रिकामी चौकट मला आयुष्यभर सहन झालेली नाही.

दोन वर्षांनी नूतनीकरणाचा कागद त्याच्यासमोर ठेवला, तेव्हा तो वाचता वाचता हसू लागला.

"हे कोण?"

"आपले वडील."

"सेन्योर, सिकेरा हे माझ्या आजीच्या घरचं नाव. तुम्ही माझ्या आजीला माझा बाप केलंत!" मग म्हणाला, "तसं फार चुकलं नाही म्हणा. तिनेच वाढवलं. बाप कोण ते आईने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या कागदावर ती जागा कोरी आहे."

मी क्षमा मागितली आणि पुढील वेळी दुरुस्ती करू असे सांगितले. पुढील वेळ २०१३ मध्ये आली, त्यानंतरची २०१५ मध्ये. दोन्ही वेळा अर्जांचा गठ्ठा मोठा होता आणि दोन्ही वेळा मी त्या चौकटीत तेच नाव पुन्हा उतरवून समासात 'मागील नोंदीप्रमाणे' असे लिहिले. दप्तरात एका माणसाविषयी दोन भिन्न नोंदी असू नयेत, असा माझा नियम होता. असत्य नोंददेखील सातत्याने केली की व्यवस्थित दिसते, हे त्या वेळी मला उमगले नव्हते.

जानेवारी २०१७ मध्ये दुबईच्या एका पहिल्या श्रेणीच्या क्लबाने त्याला दोन वर्षांसाठी मागितले. वय तेहतीस, डावा गुडघा सुजरा. ही अखेरची संधी आहे हे त्यालाही ठाऊक होते. करारात घर होते आणि आईच्या निवासाची तरतूद होती. त्याने आईला पारपत्र काढावयास सांगितले. गणूने दुबईच्या खाडीपलीकडच्या बाजारातून तिच्यासाठी एक शाल आणली आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "माऊलीला ह्या एसीत थंडी वाजेल."

नोंदणीची मुदत गुरुवारी दुपारी संपत होती. आमच्या क्लबाचा मंदूब, म्हणजे सरकारी कार्यालयांत कागद घेऊन फिरणारा माणूस, याकूब, सकाळीच दुबईस गेला होता. नव्या क्लबासाठी नवी फाइल, आणि नव्या फाइलीसाठी साक्षांकित जन्मदाखला. साडेअकरा वाजता त्याचा फोन आला.

"साब, जन्मदाखल्यात बाप नाही. आपल्या कागदात बाप आहे. वो पूछ रहे हैं, ये एक आदमी है या दो?"

"एकच आहे. चूक माझी आहे, असे त्यांना सांग."

"सांगितलं. म्हणतात, चूक असेल तर लिहून द्या. पण चार वेळा तीच चूक? चार वेळा लिहिलेली गोष्ट ते चूक मानत नाहीत, साब."

मी पत्र लिहिले. त्यावर सचिवांची सही हवी होती; सचिव परगावी होते. वकिलातीचे साक्षांकन हवे होते. वकिलातीची त्या दिवसाची वेळ संपली होती आणि शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर ती रविवारीच उघडणार होती. जेनिवाल्दो माझ्यासमोरच्या खुर्चीवर बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. दीड वाजता दुबईच्या क्लबाने त्याच्याऐवजी दुसरा बचावपटू नोंदवला. पावणेदोन वाजता याकूब म्हणाला, "खलास, साब."

मी उभा राहिलो. जेनिवाल्दोने मात्र आवाज चढवला नाही. तो म्हणाला, "सेन्योर, तुम्ही आज फार धावलात. पण हे घसरणं होतं."

आमच्या क्लबाने त्याची जागा आधीच भरली होती. जूनपर्यंत त्याला राखीव म्हणून ठेवले, नंतर मोकळे केले. पुढे तो खलिफा सिटीत भाड्याच्या मैदानावर, शाळा सुटल्यानंतर, नोकरदारांच्या मुलांना शिकवू लागला. गुडघ्याच्या वेदनेवर गोळ्या तर अनेक वर्षांपासून चालूच होत्या; आता तो मूठभर घेऊ लागला. मी संध्याकाळी फिरावयास जाई तेव्हा कुंपणाशी उभा राहत असे. मुले धडाधड गवतावर लोळत आणि हा मराठी-हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत ओरडे, "खडे रहो! उभं रहा! स्टँड!" 'उभं रहा' हे त्याला गणूने शिकवले होते. एक मुलगा म्हणाला, "कोच, स्लाइडिंग इज कूल." त्याने चेंडू उचलून पुन्हा मध्यभागी ठेवला.

नोंद दुरुस्त करण्याविषयी मी त्याला दोनदा सुचवले. दोन्ही वेळा तो म्हणाला, "आता कशाला?"

२०२० मध्ये साथीमुळे ती शिकवणी बंद पडली, निवासाची मुदतही संपली. विमानतळावर गणू आणि मी, दोघेच गेलो होतो. गणूने आईसाठी आणलेली ती शाल त्याला दिली. दोन वर्षांनी त्याच्या भाचीचा संदेश आला की मूत्रपिंडे निकामी होऊन मामा गेला.

त्यानंतर जे मिटले ते असे : क्लबात इतकी वर्षे त्याच्याच नावावर राहिलेले कपाट रिकामे करण्यात आले, त्यातले बूट गणूने मागून घेतले, आणि एका सामन्यापूर्वी सर्व खेळाडू एक मिनिट उभे राहिले. त्यांतील एकानेही त्याला पाहिलेले नव्हते.

राहिले ते एवढेच. आईने एक कागद मागितला आहे. आपला मुलगा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या देशात खेळला असा क्लबाचा दाखला तिला भिंतीवर लावावयाचा आहे. खेळ तर तिने पाहिलाच नाही. मी निवृत्त असलो तरी क्लबात गेलो. नव्या यंत्रातून दाखला तत्काळ निघाला. त्यात वडिलांच्या नावापुढे 'सिकेरा' आहे. जिने ती जागा एकोणचाळीस वर्षे कोरी ठेवली, तिला हा कागद पाठवणे मला शक्य नाही. मी लेखी दुरुस्ती मागितली. उत्तर आले की नोंदीतील बदलासाठी अर्जदाराने स्वतः उपस्थित राहावे. मृत्यूचा दाखला जोडून पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर आले.

भाची दर दोन-तीन महिन्यांनी विचारते, आजी विचारतेय, कागद कधी येईल? पहिल्या वेळी मी लिहिले होते, "पुढील महिन्यात." तेव्हापासून मी तेच उत्तर जसेच्या तसे पाठवीत आलो आहे.