षष्ठीचा प्रत्यय

शेवटच्या भेटीत शालिनी कोंडेनं तब्येतीचा विषय काढूच दिला नाही. पुण्याच्या हॉस्पिटलात, नाकात नळी घातलेली असताना तिनं एवढंच विचारलं, "प्रत्यय बदलला का गं?" मी नाही म्हटलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं... त्यानंतर आलेला फोन ती गेल्याचाच होता.

भोरच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, मी मराठी. सुट्टी लागली की ही बया एसटीनं वेल्ह्याला जाऊन तोरण्याच्या पायथ्याचे कातळ पालथे घालायची. "गवत उपटायला एवढ्या लांब?" असं नवरा चारचौघांत म्हणायचा आणि ती हसून घ्यायची. मला तिच्या त्या हसण्याचा राग यायचा. अशाच एका कातळावर, पाणी झिरपतं तिथं, तिला बोटभर उंचीचं, निळ्या फुलाचं रोप सापडलं. शास्त्राला ते ठाऊक नव्हतं, आणि दुसरीकडे ते अजूनही कुणाला सापडलेलं नाही. पुण्यातल्या एका तज्ज्ञांनी त्याला तिचं नाव द्यायचं ठरवलं.

शास्त्रीय नावात माणसाच्या नावाला लॅटिन प्रत्यय लावतात. "तुमची षष्ठी विभक्तीच समज," ती मला म्हणाली होती. "शेवटी 'ई' आला तर त्याची, 'ए' आला तर तिची. माझी 'कोंडेए' होणार." शोधपत्रिकेत छापून आलं 'कोंडेई'. तिनं फोन केला तर तज्ज्ञ म्हणाले, "आडनाव सासरचंच ना बाई? मग पुल्लिंगीच लागणार." इतकं शिकून ही अक्कल. अशी चूक नियमानं दुरुस्त करता येते. तिनं तसं सांगितलंही, पुन्हा पुन्हा सांगितलं. "पुढच्या अंकात बघू," असं ते म्हणत राहिले आणि तोवर कॅन्सर यकृतापर्यंत पोचला. जन्मभर सगळं कोंड्यांचं म्हणून केलं तिनं. एवढं एक रोप तिला स्वतःचं हवं होतं.

शोकसभेत कुणीतरी म्हणालं, कोंडे घराण्याचं नाव विज्ञानात अमर झालं. नवऱ्यानं हात जोडले. मी उठून बाहेर आले.

परवा वेल्ह्याला गेले. शालिनी ज्यांच्याकडे भाकरी खायची त्या सखूबाई मला कातळ दाखवायला आल्या. कातळ नव्हताच. जेसीबीनं फोडून सपाट केलेली जमीन, फार्महाऊसच्या प्लॉटचे दगड आणि भोवती तारेचं कुंपण. सखूबाईंनी एका हातानं तार धरली. मग आत बोट करून म्हणाल्या,

"बाईंची फुलं हितंच व्हती बगा."