कडुलिंबापासून दगडापर्यंत

मुलगी नववीत होती. जगाच्या नकाशाची झेरॉक्स कापून तिनं जेवणाच्या टेबलावर खंडं जुळवायला घेतली होती. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका शेजारी ठेवली तर मध्ये थोडी फट राहत होती. मी म्हणालो, "बसत नाहीत."

"किनाऱ्यावर नाही जुळत, बाबा. पाण्याखाली जमिनीची कड आहे, तिथं जुळतात."

आपला देश दक्षिणेला अंटार्क्टिकाला चिकटलेला होता, तिथून सुटून वर आला आणि अजूनही सरकतो आहे, हेही तिनं सांगितलं. मी वेग विचारला.

"वर्षाला काही सेंटिमीटर. नखं वाढतात ना, साधारण तसं."

मला लगेच देवगाव रंगारीचा आमचा बांध आठवला. वडील आणि चुलते यांनी एका रानाचे दोन भाग केले, तेव्हा मध्ये दगड रोवून बांध घातला. पलीकडचा भाग आता चुलतभावाकडे आहे. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. बांध कोरणं आमच्याकडे नवं नाही. नांगरताना दरवर्षी दोन बोटं जमीन शेजाऱ्याची घ्यायची, म्हणजे भांडायला कारणही पुरत नाही. म्हणून दर दिवाळीनंतर मी गावी जाऊन आमच्या कडुलिंबाच्या खोडापासून बांधावरच्या दगडापर्यंत टेप लावायचो आणि वहीत लिहायचो. पहिली आठ वर्षं टेपचं दुसरं टोक दादाच धरायचा. आठव्या वर्षी मी त्याला आकडे दाखवले आणि म्हणालो, "दगड दरवर्षी सव्वा सेंटिमीटर माझ्याकडे सरकतोय." त्यानं टेप खाली टाकला. नंतरची तीन वर्षं तो बोलला नाही, शहरात आला तरी आमच्या घरी आला नाही. मी टोकावर दगड ठेवून एकट्यानं मोजलं. अकरा वर्षांत चौदा सेंटिमीटर. सरकारी मोजणीचा अर्ज भरून तयार होता.

मी वही मुलीपुढं ठेवली. "हे बघ, आपल्याकडेही सरकतं."

तिनं आकडे पाहिले. "मोजता कशापासून?"

"कडुलिंबापासून."

"पण झाड जाड होतं ना, बाबा?"

मी वही पुन्हा चाळली. अकरा वर्षांत खोडाचा घेर मी एकदाही लिहिला नव्हता.

रविवारी कन्नडची एसटी पकडली आणि पुढं जीपनं रानात गेलो. वाटणीच्या कागदात विहिरीच्या कठड्यापासून त्याच दगडापर्यंत एकसष्ट फूट लिहिलेलं आहे. तो कागद माझ्याकडे होता. मला मात्र झाड सोयीचं वाटलं होतं, कारण तिथं सावली होती.

दादा पलीकडे कपाशीला पाणी देत होता. माझ्या हातात टेप बघून म्हणाला, "आलं का मोजणी खातं?"

"दादा, दगड सरकला नसावा. झाड जाड झालं असेल."

तो बांधापर्यंत आला. त्यानं कडुलिंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजी लिंबानं खाल्लं तुझं रान. लई शिकलेला तू. घाल त्याच्यावर केस."

"अजून खात्री नाही. विहिरीपासून मोजायचंय."

"मोज की मग. दगड ठेव टोकावर. तीन वर्षं जमलं, आज नाय जमत का?"

मी टेपचं टोक पुढं केलं आणि थांबलो. त्यानं हात धोतराला पुसले, टोक घेतलं आणि दगडाच्या मध्यावर दाबून धरलं. मी कठड्यापर्यंत गेलो.

अठरा मीटर एकोणसाठ.

"किती?" त्यानं तिकडून ओरडून विचारलं.

"एकसष्ट फूट."

"बरं," तो म्हणाला. आणि मी टेप गुंडाळत त्याच्यापर्यंत येईस्तोवर त्यानं टोक सोडलं नाही.