चुलीचा तिसरा दगड

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. त्यासाठी फार कष्ट पडले असंही नाही, कारण एक माणूस सोडला तर मला कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना उत्तर आधीच मिळालं होतं. ते चुकीचं आहे, हे फक्त मला ठाऊक होतं.

बीडमध्ये आम्हा निवृत्तांचा एक कॅरव्हॅन क्लब होता. नाव भारी, गाड्या तीन. एक भाजीचा टेम्पो, त्यावर पत्र्याची खोली ठोकलेली. दुसरी माझी जुनी व्हॅन, मागची सीट काढून गादी टाकलेली. तिसरी मात्र क्लबची शान होती: लिलावात घेतलेली ॲम्ब्युलन्स. मालकाने तिला पिवळा रंग दिला, आत बाकडी बसवली, ओटा केला, नळाचं बेसिनसुद्धा लावलं. पण पिवळ्याखालून लाल फुली दिसायची ती दिसायचीच. तेलगावच्या चौकात आम्ही चहाला थांबलो की कुणीतरी टोपी काढून हळूच विचारायचं, "कोण गेलं?"

हौस एकच. पालीला बिंदुसरेच्या तळ्यावर एक मुक्काम, मग माजलगाव धरणाच्या काठावर दुसरा. जेवायचं, पाण्याकडे बघायचं, झोपायचं. माझी बायको म्हणायची, "घरात हंडा उचलायला सांगितला की कंबर धरता, आन् पाणी बघायला पार धरणावर जाता."

ॲम्ब्युलन्सचा मालक म्हणजे माझा मित्र. आयुष्यभर त्याने लाल बस चालवली आणि बसला कधी ओरखडा येऊ दिला नाही. हे तो प्रत्येक जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा सांगायचा. आम्ही त्याला 'ड्रायव्हर' म्हणायचो. त्याची एक खोड होती. गाडी थांबली की खाली उतरायचं, चाकाला दगड लावायचा, त्याला टाचेने ठोकायचं आणि मगच तंबाखू मळायची. मैदान तळहातासारखं सपाट असलं तरी दगड लागायचाच. "ब्रेकचा काय भरवसा?" तो म्हणायचा. "दगड दिसतो तरी." ॲम्ब्युलन्सचा हँडब्रेक तर निव्वळ शोभेचा होता, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही.

मी कोर्टात कारकून होतो. साक्षीदारांना खरं बोलायची शपथ घालण्यात माझी नोकरी संपली, म्हणून क्लबात माझं नाव 'कोर्ट' पडलं. मटण मात्र मीच करायचो. ते काम मी कुणाला देत नसे.

त्या दुपारी धरणाच्या काठावर ड्रायव्हरने गाडी उतारावर लावली, तोंड वर आणि पाठ पाण्याकडे. मागच्या चाकाला दगड लावला, टाच मारली. मी चूल मांडायला घेतली. पण पाणी ओसरलेल्या त्या जागेवर नुसता काळा गाळ. दोन दगड कसेबसे मिळाले. पातेलं मोठं, मटण भरपूर, आणि तिसऱ्या दगडावाचून चूल उभी राहीना. शोधत शोधत नजर गेली ती ॲम्ब्युलन्सच्या चाकाकडे. चांगला चपटा, चौकोनी दगड. चुलीसाठीच जन्मलेला.

अगदीच बेफिकीर मी नव्हतो. काळ्या मातीचं एक वाळलेलं ढेकूळ आणलं, दगड ओढून काढला आणि त्या जागी ते ठोकून बसवलं. ढेकूळ दगडासारखंच टणक होतं. टाचसुद्धा मारली. एक गोष्ट विसरलो. ॲम्ब्युलन्सच्या बेसिनचं पाणी ज्या नळीतून खाली पडायचं, ती बरोबर त्या चाकाशी उघडायची.

रस्सा उकळायला लागला तेव्हा ड्रायव्हर आत जाऊन तांदूळ धूत होता. धुवून झाले, तो पातेली घेऊन खाली उतरला आणि मला म्हणाला, "बघ बे कोर्ट, तांदूळ कसा मोत्यासारखा हाय." मी बघितलं. त्याच्या मागे त्याची गाडी निघाली होती.

फार वेगाने नाही. रिव्हर्समध्ये, रुबाबात, पाण्यात शिरली आणि दारापर्यंत बुडून थांबली. ड्रायव्हर पातेली टाकून कमरेएवढ्या पाण्यात धावला. जवळच्या शेतातून उसाचा ट्रॅक्टर आणून आम्ही ती बाहेर ओढली. ट्रॅक्टरवाला जाताना म्हणाला, "काका, धुवायलाच आणलती का?"

मग टेम्पोवाल्याने खटला उभा केला. "कावून लावला न्हाईस दगड?"

"लावलता म्या," ड्रायव्हर म्हणाला.

"मंग गेला कुठं? पवायला?"

सगळ्यांनी जागा बघितली. ओल्या चिखलावाचून तिथे काही नव्हतं. ड्रायव्हर थरथरत चुलीपाशी आला आणि ओली विजार वाळवायला बसला. त्याचे पाय त्या दगडापासून वीतभर अंतरावर होते. "कोर्ट, तू तरी सांग," तो म्हणाला. "तू हितंच व्हतास."

मी पळी फिरवत होतो. "माझं मटणाकडं ध्यान व्हतं," मी म्हणालो. "पण पुरावा तर काई दिसत न्हाई बाबा."

हशा पिकला. शिक्षा म्हणून त्याने सगळ्यांची भांडी घासली. मटण उत्तम झालं होतं, हे सांगायची लाज वाटते, पण झालं होतं.

पुढे ती थट्टा आमच्या हातात राहिली नाही. तो बाजारात दिसला की लोक ओरडायचे, "ड्रायव्हर, दगड लावलाय का?" एकदा मयतीतही कुणीतरी तिरडीकडे बघून हेच विचारलं. मुलाने ॲम्ब्युलन्स विकली आणि स्कूटरची किल्लीही काढून घेतली. मग तो कुठे जायचं तर बसने जायचा आणि मागच्या सीटवर बसायचा. ओरखड्याची गोष्ट जेवणाआधीही बंद झाली आणि जेवणानंतरही.

दगड मी घरी आणला होता, का ते विचारू नका. अंगणात पडून होता, एक बाजू काळी. ड्रायव्हर आजारी पडला तेव्हा तो दगड पिशवीत घालून मी त्याच्याकडे गेलो. पिशवी पायाशी ठेवली. तो छताकडे बघत पडला होता. म्हणाला, "कोर्ट, खरं सांग. मी इसरलोच आसंन का रं दगड लावायला? मला तर टाच मारलेली आठवती. पण सगळेच म्हणत्यात तर आसंल."

इतक्या लोकांना शपथ घातलेला माणूस मी. तोंड उघडलं आणि म्हणालो, "वय झालं की व्हतं आसं. सोड."

त्याने मान हलवली. पिशवी उचलून मी परत आलो. त्या आठवड्यातच तो गेला. त्याला भेटायला घरून निघताना मी वाक्य पाठ केलं होतं, रस्ताभर पुटपुटत गेलो होतो: दगड तू लावलतास. म्या काढला, मटणासाठी. माफ कर, बाबा.