भेंडीची फुलं आणि बालविभागाची पाटी

मंडळी, घरी न जाता थेट इथे बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या सायबर कॅफेत शिरलेय, कारण राग अजून ताजा आहे.

आज आपल्या मंडळाच्या हस्तकला प्रदर्शनात मी आणि शेजारच्या सुमक्का आमचं ठसेकाम मांडायला गेलो होतो. अक्का लग्नाआधीपासून हे करतात. साडीचे जुने काठ, लग्नपत्रिकांचे तुकडे, सुतळी असलं काहीबाही चिकटवून त्यावर कापलेल्या भेंडीची फुलं उमटवतात. मी त्यांचंच बघून शिकले.

संयोजक बाईंनी विचारलं, "कोर्स कुठे केलात?"

"कुठेच नाही," अक्का म्हणाल्या.

"मग बालविभागात बसा. भेंडीचे ठसे मुलंच करतात ना!"

मी भांडायला उठले, तर नुकतीच भेंडी कापून ठेवलेल्या अक्कांनी हात धरला. "स्वल्प, जरा थांब गं. भेंडीचा चिकटपणा वाळू दे, नाहीतर फूल पसरतं."

भेंडी वाळली. अक्कांनी ती लाल रंगात बुडवली आणि 'बालविभाग' लिहिलेल्या पाटीवर फुलामागून फूल उमटवलं. अक्षरं दिसेनाशी झाली.

"अहो, पाटी खराब केलीत!" बाई ओरडल्या.

"आत्ता कुठे बघण्यासारखी झाली," म्हणत अक्कांनी खाली झोकात सही ठोकली.

उद्याही आम्ही तिथेच बसणार आहोत. तुमच्यापैकी कोण कोण कुठेच न शिकता असं काही करतं? या. येताना भेंडी कापून, वाळवून आणा.