वरणगावच्या पोरी जिंकल्या आणि बाहेर पडल्या

कौतिक भोळे ऊर्फ आबा यांची केळीची बाग आणि शाळेचं मैदान यांच्यामध्ये नुसतं तारेचं कुंपण आहे. त्या कुंपणापायीच आबा हॉकीच्या नादी लागले. नाही तर साठी ओलांडेपर्यंत त्यांनी हॉकीची काठी हातात धरलेली नव्हती की सामना पाहिलेला नव्हता.

काही वर्षांपूर्वी सुलक्षणा मॅडम शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या आणि त्यांनी वरणगावच्या पोरींची टीम उभी केली. टणक पांढरे चेंडू कुंपणावरून बागेत यायला लागले. एकदा एक चेंडू चांगल्या भरलेल्या घडावर बसला आणि दोन फण्या खाली आल्या. आबा तो चेंडू मुठीत धरून तरातरा भांडायला गेले. मॅडम म्हणाल्या, "आबा, एवढा खेळ संपू द्या, मग बोलू. तोवर बसा."

आबा बसले. दिवेलागणीला त्यांची बायको धुरपदाबाई शोधत आली, तेव्हा आबा उभे राहून ओरडत होते, "डावीकडे दे ना पोरी, डावीकडे मोकळं हाये!" फण्यांचं भांडण राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून टीम जिथे जाईल तिथे आबा जाऊ लागले. धुरपदाबाई आधी कुरकुरत आणि मग हौसेनं बरोबर यायला लागल्या. लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवणारा हिलाल लग्नसराई नसली की यायचा. आणि प्रेमराज तर होताच, कारण टीमला नेणारा टेम्पो त्याचा आणि टीमची गोलकीपर ऋतिका ही त्याची पोरगी. प्रेमराज बोलायला कमी. सामन्यात ऋतिकाकडे चेंडू आला की तो पाठ फिरवून उभा राहायचा आणि लोक काय ओरडतात त्यावरून काय झालं ते ओळखायचा.

यंदा जानेवारीत धुळ्याला मोठी स्पर्धा होती. साखळी सामने झाले की गटातल्या पहिल्या दोन टीम उपांत्य फेरीत जाणार होत्या. वरणगावच्या पोरींनी पहिला सामना जिंकला, दुसरा हरल्या, आणि तिसरा होता दोंडाईचाशी. आबांच्या डोक्यातलं गणित सोपं होतं. जिंकलं की पुढे.

पोरी त्या दिवशी वाऱ्यासारख्या धावल्या. मध्यंतराच्या आधी एक गोल झाला, नंतर दुसरा. हिलालच्या ताशानं मैदान दणाणून सोडलं. शेवटच्या मिनिटाला दोंडाईचाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, चेंडू ऋतिकाच्या डाव्या पायाजवळून गोलच्या फळीवर खाडकन आदळला, आणि लगेच शिट्टी झाली. दोनास एक. प्रेमराजनं मागे वळून विचारलं, "काय झालं?"

"जिकलो!" आबा म्हणाले आणि त्याला मिठीच मारली.

मग काय, हिलाल पुढे आणि बाकीचे मागे. आबांनी टोपी हवेत उडवली, धुरपदाबाईंनी पदर खोचून फुगडीला दोंडाईचाची एक बाई धरली, आणि तीही बिचारी हरलेली असून फिरली. या गडबडीत कोणाच्या लक्षातच आलं नाही, की वरणगावच्या पोरी मैदानात डोकं धरून बसल्या आहेत आणि तिकडे मंडपाखाली बसलेल्या, त्याच गटातल्या धरणगावच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून उड्या मारताहेत.

सुलक्षणा मॅडम आल्या. त्यांचे डोळे लाल होते. "आबा, ताशा थांबवायला सांगा. आपण बाहेर पडलो."

"बाहेर? जिकून?"

"पहिली जागा दुसऱ्या टीमनं नेली. उरलेल्या एका जागेसाठी आपले आणि धरणगावचे गुण सारखे झाले. मग कोणी किती गोल जास्त मारले ते बघतात. आपल्याला आज दोन गोलांनी जिंकायला पाहिजे होतं. शेवटचा गोल झाला नसता, तर आपण पुढे गेलो असतो."

ताशा आपोआपच थांबला होता. आबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. पोरींकडे पाहिलं. ऋतिका हेल्मेट मांडीवर घेऊन, मान खाली घालून बसली होती.

"पण आजचा सामना तं जिकलो ना मॅडम?"

"तो जिंकलो."

"मग त्याचा ताशा वाजू द्या. बाहेर पडल्याचं रडू उद्या रडू." आणि हिलालकडे वळून म्हणाले, "वाजव रे."

हिलालनं बिचकत बिचकत काडी मारली, मग हात सैल सोडला. आबा सरळ मैदानात पोरींपाशी गेले आणि त्यांच्याभोवती नाचायला लागले. आबांना नाचता येत नाही. उन्हात तापलेल्या जमिनीवर अनवाणी उभं असल्यासारखे ते पाय उचलतात. पोरींनी थोडा वेळ दम धरला, मग एक फिस्सकन हसली, मग दुसरी. शेवटी ऋतिकाला तिच्या बापानं हात धरून उठवलं. प्रेमराज नाचताना कोणी पाहिला नव्हता. तो त्या दिवशी दिसला.

दुसऱ्या दिवशीचं रडणं मात्र आबांच्या बागेत झालं, आणि त्याला भरिताचा वास होता. धुरपदाबाईंनी हिरवी लांबट वांगी तुरीच्या काड्यांवर भाजली, प्रेमराजनं ती मिरच्या-लसणासकट लाकडी बडगीत ठेचली, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचा ढीग लागला. टीम, मॅडम, बाकी सगळे केळीच्या सावलीत बसले. काय चुकलं, यावर पंचायत भरली.

"चूक माझी हाये," हिलाल म्हणाला. "कॉर्नरच्या टायमाले मी ताशाचं कातडं ताणत होतो. वाजवत राह्यलो असतो तर त्यांची पोरगी बावचळली असती."

"तुही नाही, माही," धुरपदाबाई म्हणाल्या. "मी डोये मिटून देवीले हात जोडले. नेमकं पाह्यचं सोडलं."

ऋतिका तोंडातला घास गिळून म्हणाली, "अक्का, चूक माझी होती. मॅडमनी सांगितलेलं, त्यांची ती पोरगी डावीकडेच मारते. मी उजवीकडे पडले."

सगळे हसले आणि ऋतिकाही हसली. आबा मात्र विचारात होते. "मले सांगा मॅडम, पहिल्या सामन्यात आपुन चार गोलांनी पुढे होतो. तव्हा तुमी चांगल्या पोरी बाहेर काढून बारक्या पोरी घातल्या. तिथं अजून दोन मारले असते, तर आज आपुन आत राह्यलो असतो."

मॅडमनी मान हलवली. "रात्रभर तेच डोक्यात होतं, आबा. पण त्या पोरी वर्षभर सराव करतात आणि बाकावर बसतात. त्यांना कधी खेळवायचं?"

धुरपदाबाईंनी बारक्या पोरींच्या ताटात आणखी भरीत वाढलं. "बरोबर केलं तुमी. पोरीले नुसतं पाणी पाजायले धुळ्याले न्यायचं का?"

आबांनी पुरी मोडली, भरीत घेतलं. मग विचारलं, "उपांत्य सामना कधी हाये?"

"रविवारी. धरणगाव खेळणार."

"हिलाल, रविवारी लग्न हाये का कुठं?"

"नाही आबा."

"प्रेमराज, टेम्पो?"

प्रेमराजनं बोटानं ओठ पुसले आणि म्हणाला, "डिझेल भरून ठेवतो."

"ज्यांनी आपल्याले बाहेर काढलं, त्यांच्यासाठी वाजवायले जाता?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"मग काय घरी बसू? आपल्या गटाची टीम हाये. ती हरली तर लोक म्हणतील, हा गटच कच्चा होता."

रविवारी अख्खी टीम टेम्पोत बसून धुळ्याला गेली. ताशा सुरू झाला तेव्हा धरणगावचे मास्तर गोंधळून आबांपाशी आले. "आपण कुठले?"

"वरणगावचे."

"पण तुमची टीम तर..."

"ते झालं आता. तुमची गोलकीपर डावा पाय मागे ठेवते, तेवढं सांगा तिले."

मास्तर काही सांगायच्या आत ऋतिका गोलच्या मागे जाऊन उभी राहिली होती आणि धरणगावच्या गोलकीपरला ओरडून सांगत होती, "पाय पुढे, ताई, पाय पुढे!" धरणगावनं तो सामना एका गोलानं काढला. सामना संपल्यावर दोन्ही गावांच्या पोरींनी आबांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही, सगळे मातीत बसले.

पुढचे चार दिवस आबांचा घसा पार बसला होता. सून चहा देताना विचारायची, साखर घालू का, तर ते बोटांनी खूण करायचे. धुरपदाबाई शेजारणींना सांगत होत्या, लग्नाला चाळीस वर्षं झाली, घरात एवढी शांतता पहिल्यांदाच आहे, ही स्पर्धा दर महिन्याला ठेवा म्हणावं.