बडग्याला नेसवलेली लुंगी

आमच्या गावची कापसाची जिनिंग बंद पडली आणि चौकात इतके बेकार मजूर बसू लागले, की त्यांच्या भारानं पाराचा चौथरा वीतभर खचला. खोटं वाटत असेल तर येऊन पाहा. त्यांची विचारपूस करायला फक्त एका पक्षाची माणसं आली. त्यांनी चहा पाजला, गळ्यात दुपट्टे घातले आणि सांगितलं, तुमचं काम त्या पलीकडच्या मोहल्ल्यानं खाल्लं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बडग्या काढतो. गावाला जे छळतं त्याचा पुतळा करायचा, वाजतगाजत मिरवायचा आणि वेशीबाहेर जाळायचा. मागे आम्ही महागाईचा केला होता. यंदा माझ्या चुलतभावानं बडग्याला गोल टोपी घातली, चौकड्यांची लुंगी नेसवली. तसलीच लुंगी त्या मोहल्ल्याच्या कडेला राहणारा आमचा शेजारी नेसतो. जिनिंगमध्ये तो आणि माझा चुलतभाऊ एकाच मशीनवर होते.

"काऊन बे, जिनिंग यानं बंद केली का मालकानं?" मी असा ओरडलो की सेवाग्रामपर्यंत ऐकू गेलं असेल. "तो तं तुह्यासारखाच घरी बसून राह्यला!"

"मालकाले जाळून मले काय भेटन, दादा?" तो म्हणाला. "या दुपट्टेवाल्यायनं निदान मले बडग्या मंडळाचा अध्यक्ष तं केलं."

मी टोपी उपटली. चौघांनी मला बाजूला रेटलं आणि बडग्या पेटवला.

काय भडकला तो! भडकणारच. बडग्यात भरायचा रद्दी कापूस दरवर्षी आमचा शेजारीच देतो. यंदाही त्यानं आदल्या दिवशी पोतं आणून दिलं होतं, पुतळा कुणाचा हे न विचारता.